नाल्याकाठची मैदालकडी

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची निघाली : नदी-नाल्यांच्या काठावर वाढणारी सुगंधी झुडपे. त्यामुळे कुंड्यांतील गुलाब आणि जास्वंदाविषयीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवून या वेळची सगळी जागा मी या चार पत्रांना देत आहे. ज्यांचे प्रश्न मागे राहिले त्यांनी राग मानू नये. त्यांच्या कुंड्या महिनाभर थांबू शकतील, परंतु पहिल्या पत्रातील झाडांजवळ तेवढा वेळ आहे असे मला वाटत नाही.

प्रश्न : आमची शाळा रामटेक तालुक्यात, पेंच नदीला मिळणाऱ्या एका नाल्याजवळ आहे. सातवीच्या मुलांना घेऊन नाल्याकाठी फिरत असताना माणसाच्या उंचीपेक्षा थोडे वर गेलेले एक झुडूप दिसले. पान चुरगळले की त्याला दालचिनीसारखा मंद वास येतो. गावातील एका आजींना डहाळी दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, “हे त मैदालकडी हाय, बाई. माह्या लहानपणी लय होती, आता कुठं दिसते?” आम्ही नाल्याच्या काठाने शोधले तेव्हा एकूण सात झुडपे सापडली, आणि त्यांपैकी दोघांची साल कोणीतरी कोयत्याने सोलून नेलेली आहे. ही मैदालकडीच आहे हे खात्रीने कसे ठरवावे? ती दुर्मीळ आहे का? आणि वाचवायची म्हणून एक-दोन झाडे खणून शाळेच्या आवारात लावली तर चालेल का?
(रामटेक तालुक्यातील एक शिक्षिका)

उत्तर : आपण पाठवलेली छायाचित्रे आणि वहीच्या पानांत दाबून वाळवलेली डहाळी मी भिंगाखाली पाहिली. आजींनी सांगितलेले नाव बरोबर असावे असे माझे मत झाले आहे, तथापि फूल किंवा फळ पाहिल्याशिवाय मी शेवटचा शब्द देणार नाही. मैदालकडी, म्हणजे शास्त्रीय भाषेत लिट्सिया ग्लुटिनोसा, ही दालचिनी आणि तमालपत्र ज्या कुळात येतात त्याच लॉरेसी कुळातील वनस्पती आहे. तिच्या नावातील ‘ग्लुटिनोसा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘चिकट’ असा आहे, आणि तो तिच्या सालीला आणि पानांना अगदी नेमका लागू पडतो. मोकळेपणाने वाढू दिली तर ती मध्यम उंचीचा वृक्ष होते. पण आपल्याकडे वारंवार तोडली, सोलली किंवा जाळली गेल्यामुळे ती बहुतेक ठिकाणी बुंध्यातून पुन्हा फुटलेल्या झुडपाच्या रूपातच भेटते. आपल्या छायाचित्रात जमिनीलगत एकाच ठिकाणाहून वर आलेल्या चार-पाच काठ्या दिसतात, त्या अशाच एखाद्या जुन्या तोडीच्या खुणा असाव्यात.

ओळख ठरवताना वासापासून सुरुवात करण्याचा मोह होतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. आपल्या नाल्यांच्या काठी वास येणारी पाने अनेक आहेत. निर्गुडीला वास येतो, घाणेरीला येतो, रानातल्या गोडनिंबाला येतो, आणि बोटांना एकदा एक वास लागला की पुढच्या चार झाडांना तोच येतो आहे असे वाटू लागते. म्हणून आधी डोळ्यांनी पाहावे आणि नाक मागाहून वापरावे. डहाळीवर पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे प्रथम पाहावे. मैदालकडीची पाने एकाआड एक असतात आणि फांदीच्या टोकाकडे दाटी करतात. निर्गुडी आणि घाणेरी या दोघींची पाने समोरासमोर असतात, त्यामुळे या एका निरीक्षणाने दोन्ही बाजूला पडतात. त्यानंतर पान एकसंध आहे की अनेक पर्णिकांचे बनलेले, हे पाहावे. गोडनिंबाचे पान पिसासारखे अनेक पर्णिकांचे असते, तर मैदालकडीचे पान साधे, लांबट-अंडाकृती आणि अखंड कडेचे असते. त्याला दाते नसतात. कोवळे पान आणि देठ यांच्यावर मऊ लव असते. पान जून होते तशी वरची बाजू गुळगुळीत होते, पण खालच्या बाजूला शिरांच्या कडेने ही लव पुष्कळदा टिकून राहते. आपल्या डहाळीवर ती भिंगाखाली स्पष्ट दिसली, आणि माझे मत झुकण्याचे ते मुख्य कारण आहे.

आणखी एक सोपी परीक्षा मुलांकडून करून घेता येईल. गळून पडलेले पण हिरवे असे एखादे पान वाटीभर पाण्यात चोळावे. मैदालकडी असेल तर थोड्याच वेळात पाणी बुळबुळीत होते आणि बोटांमधून तार सुटते. हीच चिकटाई सालीमध्ये कितीतरी पटींनी अधिक असते. मात्र ती पाहण्यासाठी सालीला नख लावण्याचीसुद्धा गरज नाही.

फुले साधारणपणे उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत येतात. ती दुरून डोळ्यांत भरत नाहीत. पानांच्या बगलेतून निघालेल्या आखूड दांड्यांवर वाटाण्याएवढे गोल गोळे दिसतात. प्रत्येक गोळा उमलला की त्याच्या आवरणाच्या चार वाट्या मागे वळतात आणि आतून पिवळसर पुंकेसरांचा झुपका बाहेर येतो. त्यानंतर पावसाळ्यात हिरवी, पुढे जांभळट काळी होणारी, वाटाण्याच्या आकाराची गोल फळे धरतात. फळाचा देठ टोकाशी जाडसर झालेला असतो. येथे एक गोष्ट कृपया लक्षात ठेवावी, कारण आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे : मैदालकडीत नर झाड वेगळे असते आणि मादी झाड वेगळे असते. पपईप्रमाणेच. नर झाडावर पिवळे झुपके भरपूर येतात, पण फळ कधीच धरत नाही.

ती दुर्मीळ आहे का, या प्रश्नाला मला दोन उत्तरे द्यावी लागतील. जगाच्या नकाशावर पाहिले तर ही वनस्पती भारतापासून दक्षिण चीन, आग्नेय आशिया आणि थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे. मॉरिशस आणि रियुनियन या बेटांवर तर ती बाहेरून नेऊन लावली गेली, पक्ष्यांनी तिची फळे रानभर पसरवली, आणि आज तेथील स्थानिक जंगलाला ती उपद्रव ठरली आहे. जी वनस्पती तिकडे आवरत नाही तीच आपल्या मध्य भारतातील रानांत शोधावी लागते, याचे कारण हवामानात नाही, सालीत आहे. उदबत्तीच्या काडीवर मसाला चिकटून राहावा म्हणून ज्या चिकट भुकटीचा उपयोग होतो तिला व्यापारात जिगट म्हणतात, आणि ती मुख्यतः दोन झाडांच्या सालीपासून होते : एक गुळंब आणि दुसरी मैदालकडी. शिवाय मुरगळणे, मुका मार, हाड दुखावणे यांवर लेप म्हणून या सालीला वैदूंची आणि घराघरांतून मागणी आहे. पानांनी जे अन्न तयार केले ते मुळांकडे जाते ते सालीच्या आतल्या थरातून. खोडाभोवती पूर्ण वळसा घालून साल काढली की ती वाट बंद होते, मुळे उपाशी राहतात, आणि वरची पाने काही महिने हिरवी दिसत असली तरी झाड मेलेलेच असते. म्हणून आपल्या नाल्यावरील सात झुडपांना जगाच्या यादीत कोणते स्थान आहे हा प्रश्न मी दुय्यम मानतो. त्या खोऱ्यात ती सातच उरली असतील, तर तेथे ती दुर्मीळच आहे.

आता खणून नेण्याविषयी. आपला हेतू चांगला आहे हे मी जाणतो, तरीही माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. मोठे झालेले झुडूप दगडांत रुतलेल्या मुळांसह नीट निघत नाही. निघाले तरी नाल्याकाठची ओल आणि सावली त्याला शाळेच्या मुरमाड अंगणात मिळणार नाही. नाल्याचा काठ हीच या झाडाची आजवरची ढाल आहे. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि ती आग उतारावर पसरते, पण ओलसर काठाशी ती बहुतेक वेळा विझते, त्यामुळे उतारावरची मैदालकडी गेली तरी काठावरची राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सातांपैकी नर किती आणि मादी किती हे अद्याप कोणालाच ठाऊक नाही. समजा मादी झाड एकच असेल आणि तेच आपण उचलले, तर उरलेल्या सहा झाडांची पुढची पिढी आपण आपल्या हातांनी थांबवली असे होईल.

या धोक्याचे एक दूरदेशीचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात, पाणथळ जंगलांत आणि तळ्यांच्या काठी, याच लॉरेसी कुळातील ‘पाँडबेरी’ नावाचे सुगंधी झुडूप वाढते. त्याची उंची साधारण दोन मीटरपर्यंत, पाने खाली झुकलेली, फुले पिवळी आणि फळे लालभडक. पाणथळ जागा बुजवून शेते केली गेली तसे ते आक्रसत गेले आणि १९८६ मध्ये तेथील सरकारला त्याचा समावेश संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत करावा लागला. त्यातही नर-मादी वेगळे असतात, आणि जमिनीखालून फुटवे पसरत गेल्यामुळे एखादे पूर्ण बेट एकाच नर झाडाचे असू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला तेथे शेकडो काठ्यांचे भरघोस बेट दिसते, आणि बी मात्र एकही नसते. आता कुळातील झाडांना वाळवणारा एक बुरशीजन्य रोग तेथे पसरतो आहे, तो बारीक भुंगेऱ्यांमार्फत झाडाझाडांत जातो, आणि सगळी झाडे एकाच रक्ताची असतील तर त्यांच्यात तग धरणारे वेगळे झाड मिळण्याची आशा कमी होते.

म्हणून या वर्षी शाळेने एवढेच करावे. सातही झुडपांना मनातल्या मनात क्रमांक द्यावेत. खिळा ठोकून पाटी लावू नये. फुलोऱ्याच्या दिवसांत दर आठवड्याला एकदा मुलांसह जाऊन नर कोणते, मादी कोणती, याची नोंद वहीत करावी. पावसाळ्यात मादी झाडाखाली पडलेली पिकली फळे मोजकी गोळा करावीत, झाडावरची पक्ष्यांसाठी राहू द्यावीत. गर धुऊन बी त्याच आठवड्यात सावलीत, ओल्या मातीच्या पिशव्यांत पेरावे. या कुळातील बी वाळवून डबीत ठेवले की त्याची उगवण फार लवकर मंदावते, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी पेरू’ असे म्हणू नये. रोपे हातभर झाल्यावर काही शाळेत लावावीत आणि काही, वनखात्याला विचारून, त्याच नाल्याच्या काठावर.

सोललेल्या दोन झाडांपैकी एकाची साल एकाच बाजूची निघालेली दिसते. ते झाड वाचेल. त्याच्या जखमेवर शेण, चुना किंवा रंग काहीही लावू नका. दुसऱ्याचा वळसा पूर्ण झालेला आहे. जखमेच्या खालून फुटवे येत असतील तर तेच त्याचे पुढचे आयुष्य आहे, म्हणून त्या फुटव्यांना शेळ्या लागू नयेत एवढे काट्यांचे कुंपण करून घ्या, आणि वनरक्षकाला ते झाड प्रत्यक्ष नेऊन दाखवा.

एक शेवटची गोष्ट मुलांना सांगा. एका छायाचित्रात तीन पाने कडेने कुरतडलेली दिसत आहेत. ‘कॉमन माइम’ नावाच्या फुलपाखराच्या अळ्या याच झाडाच्या पानांवर वाढतात. मोठी झालेली अळी काळपट असून तिच्यावर पिवळे पट्टे आणि लाल ठिपके असतात, आणि तिचा कोष हुबेहूब मोडक्या वाळक्या काटकीसारखा दिसतो. अळी दिसली तर झटकू नका आणि काटकी दिसली तर मोडण्यापूर्वी दोनदा पाहा.

प्रश्न : कामठीजवळ कन्हान नदीच्या काठावर आम्हाला एक सुगंधी झुडूप सापडले आहे. पानाला हाताच्या पंजासारखी पाच बोटे आहेत आणि निळसर जांभळे तुरे येतात. आमच्या गटात एकाने ते अत्यंत दुर्मीळ असल्याचे सांगितल्याने आम्ही तेथे फलक लावण्याचा विचार करीत आहोत.
(कामठी येथील एक वाचक)

उत्तर : फलक कृपया लावू नका. आपले झुडूप निर्गुडी आहे, आणि ते विदर्भात पुष्कळ ठिकाणी आढळते. पाच किंवा तीन पर्णिका, त्यांची खालची बाजू पांढुरकी, कोवळी फांदी चौकोनी, पाने समोरासमोर आणि वास उग्र : या खुणा आपल्या छायाचित्रात एकूण एक आहेत. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी शेकण्यासाठी किंवा धान्याच्या कोठीत ठेवण्यासाठी हा पाला नक्कीच वापरलेला असेल. ‘दुर्मीळ’ हा शब्द जपून वापरण्याचा माझा आग्रह एवढ्यासाठी आहे की प्रत्येक अनोळखी झाडाला तो लावला, तर जेथे खरोखरच सात झाडे उरली आहेत तेथील हाकेकडे कोणी लक्ष देणार नाही.

निराश मात्र होऊ नये. कामठीला कन्हान, पेंच आणि कोलार यांचा संगम होतो, आणि त्या काठाचे मोल निर्गुडीमुळे कमी होत नाही. तिच्या लवचीक फांद्या पुरात वाकतात आणि पूर ओसरला की पुन्हा उभ्या राहतात, तिची मुळे काठाची माती धरून ठेवतात. नदीच्या पात्रातून काठाच्या पायथ्याशी रेती उपसली गेली की वरचा काठ पोकळ होऊन ढासळतो, आणि अशा जागी पहिल्याच पावसाळ्यात झुडपांची रांगच्या रांग पाण्यात गेलेली मी स्वतः पाहिली आहे. आपल्या गटाला काही करायचेच असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला निर्गुडीच्या बोटभर जाडीच्या, हातभर लांबीच्या कांड्या ढासळत्या काठावर तिरप्या रोवाव्यात. त्या सहज जगतात. मैदालकडीसारखी नाजूक झाडे पुढे कधी काळी परत यायची असतील, तर आधी काठ शिल्लक असावा लागतो.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचा गुडघा दुखावल्यावर आम्ही इतवारीतून मैदालकडीची पूड आणून लेप लावतो, आणि त्यांना आराम पडतो. आपल्या एका जुन्या उत्तरात या झाडाविषयी वाचल्यापासून मला अपराधी वाटू लागले आहे. ही पूड वापरणे बंद करावे का? आणि ती खरी आहे हे कसे ओळखावे?
(नागपूर येथील एक गृहिणी)

उत्तर : अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. घरगुती लेपासाठी वर्षाकाठी लागणारी मूठभर पूड हे या झाडाच्या ऱ्हासाचे कारण नाही. पोत्यांनी जाणारी साल हे कारण आहे. मात्र गुडघा सुजून पाय टेकवेनासा झाला असेल, तर लेपाआधी डॉक्टरांकडून हाड पाहून घ्यावे, हे सांगणे मला भाग आहे.

पुडीवरून झाड ओळखणे कठीण असते, आणि कोणी छातीठोकपणे ओळखतो म्हणाला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. काही वर्षांपूर्वी एका जडीबुटीच्या दुकानात मी मैदालकडीची अख्खी साल मागितली होती. दुकानदारांनी मोठ्या आदराने पोते उघडून दाखवले. त्यातून मी मूठभर तुकडे उचलून कागदावर पसरले, तर त्यांत तीन निरनिराळ्या झाडांच्या साली होत्या : एक जाड आणि बुचासारखी, एक तांबूस आणि तंतूंची, आणि एक पातळ, तपकिरी, आतून फिकट. घरी येऊन तिन्हींची चिमूट वेगवेगळ्या वाटीत भिजवली. फक्त तिसऱ्या वाटीत बुळबुळीत खीर झाली. पण गुळंबाची साल असती तर तीही तशीच झाली असती, म्हणून ही परीक्षा ‘हे नक्कीच मैदालकडी नाही’ एवढेच सांगू शकते, ‘हे नक्कीच आहे’ असे नाही. दुकानदारांनी फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे ते पोते तसेच आले होते. झाड जसजसे दुर्मीळ होत जाते तसतशी भेसळ रानातूनच सुरू होते.

नावाचाही एक गोंधळ आहे. आयुर्वेदातील अष्टवर्गात ‘मेदा’ नावाची जी वनस्पती सांगितली आहे ती हिमालयात वाढणारी, कंद असलेली आणि अगदी निराळी आहे. ‘मेदा’ आणि ‘मैदा’ या उच्चारांच्या जवळिकीमुळे एकीच्या नावावर दुसरी दिली जाते. पूड घेताना शक्यतो अख्खी साल मागावी, आणि खोडाला वळसा घालून काढलेली रुंद, नळीसारखी वळलेली साल दिसली तर ती घेऊ नये. छाटलेल्या फांद्यांची साल अरुंद आणि पातळ असते. तिच्यासाठी झाड मारावे लागत नाही. आणि आपल्या घराला अंगण असेल, तर याच लेपासाठी मैदालकडीचे एक रोप औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेतून आणून लावावे. ते सावकाश वाढते, पण पानेही चिकट असतात, त्यामुळे साल तयार होईपर्यंत वाटलेल्या पाल्याचा लेपही करून पाहता येईल.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. नागपूर जिल्ह्यातील नाल्याकाठच्या अशा वनस्पतींची नोंद करावी असे मनात आहे. नमुना कसा घ्यावा, नोंद कोठे द्यावी आणि कायद्याचा आधार कोणता, हे सांगावे.
(नागपूर येथील एक विद्यार्थी)

उत्तर : प्रथम नमुन्याविषयी. एका ठिकाणी दहापेक्षा कमी झाडे असतील तर नमुना घेऊच नये, छायाचित्रांवर काम भागवावे. हा माझा स्वतःचा दंडक आहे आणि आपणही तो पाळावा अशी विनंती आहे. छायाचित्रे घेताना संपूर्ण झाड, खोड, डहाळीवरील पानांची मांडणी, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि फूल किंवा फळ मोजपट्टीसह, असे सहा तरी चित्रे असावीत. नुसत्या सुंदर फुलाचे एक चित्र ओळखीसाठी बहुधा निरुपयोगी ठरते. झाडे पुरेशी असतील तर फूल किंवा फळ असलेली वीतभर डहाळी घ्यावी, जुन्या वर्तमानपत्रात पाने न दुमडता दाबावी, आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावा. पावसाळ्यात या एका कामात आळस केला की नमुना काळा पडतो आणि एका झाडाची डहाळी व्यर्थ जाते. ओळख पक्की करण्यासाठी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील संग्रहाशी तुलना करावी, आणि तरीही शंका राहिली तर भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्राकडे विचारणा करावी. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गळलेले पानसुद्धा उचलू नये.

आता नोंदीविषयी. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करायची असते, आणि त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. या सर्व समित्यांना मार्गदर्शन करणाऱ्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, ही आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना मोठी सोय आहे. नोंदवही बहुतेक ठिकाणी एकदा भरून कपाटात ठेवली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपण ग्रामपंचायतीत जाऊन ती उघडायला लावा, नाल्याचे पान नसेल तर ते जोडण्याचा अर्ज द्या, आणि पोच घ्या. याच कायद्यात विशेष महत्त्वाच्या जागेला जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित करण्याची तरतूद आहे. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या जुन्या वनाला २०१४ मध्ये असा दर्जा मिळाला. सात झुडपांचा नाला आलापल्लीची बरोबरी करणार नाही हे मला कळते, पण वाट कोणती आहे ते ठाऊक असावे.

सालीच्या बाबतीत कायदा जुना आणि स्पष्ट आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात झाडाची साल वनोपज म्हणून गणलेली आहे, मग ती जंगलात मिळालेली असो वा अन्यत्र. त्याच वेळी २००६ च्या वनहक्क कायद्याने गावकऱ्यांना औषधी वनस्पतींसह गौण वनोपजावर हक्क दिलेला आहे, आणि ग्रामसभेला त्या वनाचे रक्षण करण्याचा अधिकारही दिलेला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून हे करून दाखवले. म्हणून साल सोलणाऱ्यांविरुद्ध लढताना गावातील वैदूला चोर ठरवू नये. ग्रामसभेने ‘या नाल्यावरील मैदालकडी पाच वर्षे कोणीही सोलणार नाही’ असा ठराव केला आणि वैदूबाबांना त्या ठरावाचे पहिले राखणदार केले, तर वनरक्षकाच्या फेरीपेक्षा तो अधिक कामी येतो. जागा झुडपी जंगल म्हणून सातबाऱ्यावर लागलेली असेल तर तीही पडीक समजू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात विदर्भातील या जमिनी वनजमिनीच असल्याचा निर्णय दिला आहे.

ठिकाण मात्र कोठेही जाहीर करू नका. समाजमाध्यमांवर टाकलेल्या छायाचित्रासोबत नकाशातील अचूक बिंदू जातो आणि तो सालीचा व्यापार करणाऱ्यालाही दिसतो. ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या संकेतस्थळावर नोंद करायची असेल तर ठिकाण झाकण्याचा पर्याय तेथे आहे, तो अवश्य निवडावा. अचूक जागा फक्त तीन ठिकाणी असावी : नमुन्याच्या चिठ्ठीवर, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे आणि ग्रामसभेच्या दप्तरी.

त्या चिठ्ठीवर दिनांक, नाल्याचे नाव, काठापासूनचे अंतर, झाडाची उंची, नर की मादी, ताज्या पानाचा वास आणि शेजारची झाडे लिहावीत, कारण वाळल्यावर यातील बहुतेक गोष्टी नाहीशा होतात. स्थानिक नावाच्या रकान्यात पुस्तकातून उतरवलेले नाव लिहू नये. ज्यांनी सांगितले त्यांनी ते जसे उच्चारले तसे लिहावे, आणि त्यांची संमती घेऊन खाली त्यांचे नाव व गाव लिहावे. पहिल्या पत्रातील बाईंनीही आपल्या वहीत त्या आजींचे नाव असेच लिहून ठेवावे.